वळणावरचा काळा कुत्रा

सुजित : नीट बघा, दादा. घाई करू नका. हाच का तो?

अल्पेश : कोण?

सुजित : आरोपी.

अल्पेश : सुजित, हा कुत्र्याचा फोटो आहे.

सुजित : कुत्रा आडवा आला म्हणालात ना? मग काय म्हशीचा फोटो आणू? चिंचेच्या वळणावर सकाळी पिंजऱ्याची गाडी आली होती. हा काळा आणि एक पांढरा, दोघे आत आहेत. एक लंगडाही पकडला होता, तो मी सोडायला लावला. म्हटलं, हा जर दादांच्या आडवा आला असेल तर आदल्या दिवशीच घरून निघाला असणार.

अल्पेश : हसवू नकोस रे. प्लास्टरच्या आत कळ मारते.

सुजित : मी कुठे हसवतोय? स्टेशनात सगळे हसतायत. न्हावा शेव्याचे ट्रेलरवाले ज्याला लांबून बघून लाईन सरळ करतात, तो अल्पेश घरत कोणी पाडला? कुत्र्याने. साहेब स्वतः म्हणाले, निदान बैल तरी सांगायचा.

केसर : कंचा कुत्रा पकडला? बघू मना. चाय धरा आधी, दोघंव.

सुजित : नमस्कार, मावशी. दादा, सासूबाई सेवेला म्हणजे मजा आहे तुमची.

अल्पेश : प्राप्ती कामावर जाते ना, म्हणून मामी आल्यात. धंदा सोडून बसल्यात बिचाऱ्या माझ्या उशाशी.

केसर : धंदा कला सोडते? कशापायी सोडू? धनेश हाय ना. माझा पोर टेम्पो भरतो, बाजारात नेतो, समदा करतो. चार दिवस मी पुढं बसली न्हाय तर मासली काय रुसनार हाय? तो फोटो दाव. अगो बाय! यो तं काल्या!

सुजित : ओळखता?

केसर : ओलखते म्हंजे? चहाच्या टपरीचा काल्या. टेम्पो वलनाशी आला का रोज मी याला मुंडी टाकते, शेपूट टाकते. कधी अख्खा बोंबील टाकते. आन् यो मेला माझ्याच जावयाच्या आडवा गेला? माझाच खाऊन?

अल्पेश : जाऊ द्या ना, मामी. मुका जीव आहे.

केसर : पन एक सांगू? काल्या तसा न्हाय. गाडीचा आवाज आला का टपरीच्या बाकड्याखाली घुसतो. मी मुंडी टाकली तरी टेम्पो पार दिसेनासा होईतो भायेर येत न्हाय. लय भित्रा.

सुजित : हे बघा, आरोपीच्या बाजूने साक्षीदार उभा राहिला. दादा, तुमची केस पडली.

अल्पेश : दुसरा कुत्रा असेल.

सुजित : दुसरा पांढरा. तुम्ही साहेबांना काळा सांगितलात.

अल्पेश : अरे, पडताना माणूस रंग बघतो का? तिथे मी मरता मरता वाचलो. तो ट्रेलर उलट्या बाजूने घुसला होता. मी नाक्यावरून मागे लागलो, त्याला ओव्हरटेक केला, हात दाखवला, थांब म्हणून. वळणावर आलो आणि गाडी खालून निघूनच गेली. मी रस्त्यावर, आणि तो ट्रेलर माझ्यावर येतोय. चाक थांबलं ते इथे. हेल्मेटला टेकून.

केसर : नको सांगू रं, नको. माझ्या अंगावर काटा येतो.

अल्पेश : आणि उतरला कोण? तोच ड्रायव्हर. ज्याला पकडायला गेलो, त्यानेच काखेत हात घालून बाहेर ओढला. पाणी पाजलं. वर विचारतो, साहेब, लायसन्स आता दाखवू की नंतर?

सुजित : लोकांना वाटतं, मोटरसायकलवरचा पोलीस म्हणजे काय रुबाब. गॉगल, सायरन. मावशी, ट्रेलरच्या डाव्या अंगाला आम्ही असलो ना, त्या ड्रायव्हरला आम्ही दिसतच नाही. त्याच्या लेखी आम्ही जन्मालाच आलेलो नसतो. शनिवारी अलिबागला निघालेले मुंबईचे पाहुणे, त्यांना आम्ही दिसतो, पण ते फोनवर बोलत असतात. थांबवायला हात वर केला तर समोरचा आपल्यालाच टाटा करतो. गेल्या महिन्यात एकाचा आरसा माझ्या कोपराला लागला. गाडी थांबवून आला, मला वाटलं माफी मागतोय. आरसा पुसून निघून गेला.

केसर : मंग सोडा ना ही फटफटी. खुर्चीत बसाचा काम मागा.

सुजित : खुर्चीसाठी वर ओळख लागते, मावशी. आमची ओळख कुत्र्यापर्यंतच. पण दादा, मला एक गोष्ट पटत नाही. कुत्रा आडवा आला असता तर तुम्ही ब्रेक मारला असता. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा उठला असता. मी गेलो तेव्हा पट्टा नव्हता. टपरीवाला माती टाकत होता.

अल्पेश : मग?

सुजित : मग तुमचा गणवेश मीच पिशवीत भरला ना दवाखान्यात? त्याला वास कसला होता? अजून माझी डिकी घमघमते. बायको म्हणते, कोणाकडे जेवायला जाता?

केसर : व्हय गो बाय! मी पन तीन पान्यातून काढला. मना वाटला माझ्याच हाताचा वास. मंग ता मासलीचा पानी व्हता?

सुजित : मासळीचं पाणीच. कोणाचा तरी टेम्पो गळत गेला. बर्फाचं पाणी, त्यात खवलं, चिकटा. मोटरसायकलच्या चाकाखाली ते आलं की संपलं. तेलापेक्षा वाईट.

केसर : कंचा तो मुडदा? टेम्पो गलतो आन् ह्याला दिसत न्हाय? डोले हायत का बटाटे? त्याच्या टेम्पोला आग लागो!

अल्पेश : मामी...

केसर : त्याची मासली सडो! बाजारात कुत्रा हुंगनार न्हाय त्याच्या पाटीला!

अल्पेश : मामी, बस. शिव्या देऊ नका.

केसर : का न्हाय देऊ? जावय माझा हाय. पाय त्याचा मोडला. त्या मेल्याला आय हाय का न्हाय कोन? असली तं तिनं शिकवला काय त्याला?

अल्पेश : मामी, तुम्हाला माझी शपथ आहे. त्याच्या आईला मध्ये आणू नका.

केसर : तुमी त्याची बाजू कला घेता?

सुजित : तेच म्हणतो. दादा, तुम्ही कुत्र्यावर ढकललंत ते ढकललंत, आता टेम्पोवाल्यालाही सांभाळताय. कोण आहे? मित्र आहे का? हळदीला एकत्र नाचता का?

अल्पेश : कोणी नाही. चहा गार होतोय तुझा.

सुजित : राहिलं. मी निघतो. उद्या सकाळी लवकर ड्युटी आहे. बंदरावर कोणी मोठे पाहुणे येतायत. गाड्यांच्या पुढे पायलट मोटरसायकल. तुमच्या नावावर होती, आता माझ्या.

अल्पेश : कुठून जाणार?

सुजित : दुसरा रस्ता आहे का? चिंचेच्या वळणावरून.

अल्पेश : सकाळी?

सुजित : सकाळी.

अल्पेश : वळणावर हळू घे.

सुजित : पायलटने हळू घेतलं तर मागच्या सगळ्या गाड्या माझ्या पाठीवर. काय बोलताय? काल मुलीने माझ्या हेल्मेटला फुलपाखरू चिकटवलंय. मृणालीने. साहेबांनी बघितलं तर फाडतील, म्हणून मागच्या बाजूला लावलंय. मागून येणाऱ्याला तेवढं तरी दिसेल.

अल्पेश : मामी.

केसर : काय रं?

अल्पेश : उद्या टेम्पो नका पाठवू.

केसर : का?

अल्पेश : धनेशला ताप आहे ना?

केसर : धनेशला? सकाली चार भाकऱ्या खाऊन गेला. ताप त्याच्या वाटंला जात न्हाय.

अल्पेश : मग उशिरा पाठवा.

केसर : मासली हाय ती, जावय, भंगार न्हाय. उशिरा कोन घेनार?

सुजित : दादा.

अल्पेश : तू गप.

सुजित : दादा, तुम्हाला घाम आलाय. ट्रेलरखाली आला नव्हता तेवढा.

अल्पेश : ट्रेलर परवडला रे. मामी, इथे बसा. आधी चहाचा कप खाली ठेवा.

केसर : ठेवला. बोला.

अल्पेश : धोंड्याच्या महिन्यात मी नाक्यावर तुमचा टेम्पो अडवला होता. आठवतं?

केसर : न आठवाला काय झाला? धोंड्याचा महिना. जावय म्हंजे देव. देव समोर उभा, मी काय टेम्पोत बसून ऱ्हाऊ? उतरली, डोक्यावर पदर घेतला, पाया पडली.

सुजित : मी होतो की तेव्हा! मागे दोन बस, एक रुग्णवाहिका, पुढे ट्रेलरची रांग, आणि मध्ये मावशी दादांच्या बुटावर डोकं टेकून. लोकांनी व्हिडिओ काढले. एकजण म्हणाला, पोलिसांचं नवीन काहीतरी दिसतंय, मीपण पडू का पाया?

अल्पेश : मी काय सांगायला अडवला होता, ते कोणी ऐकलं का? बर्फाचं पाणी गळतं त्या नळीखाली डबा नाही, हे सांगायला अडवला होता. तुम्ही पाया पडलात, वर बोंबलांची पिशवी हातात दिलीत आणि गेलात. त्या दिवसापासून तुमचा टेम्पो लांबून दिसला की मी पाठ करून उभा राहतो.

सुजित : थांबा. तुम्ही पाठ करून उभे राहता? चालत्या ट्राफिकमध्ये?

अल्पेश : मग काय करू? बघितलं तर अडवायला लागतो. अडवला तर त्या उतरतात.

सुजित : आणि मंगळवारी?

अल्पेश : मंगळवारी टेम्पो आला, मी पाठ केली. गेला. लगेच मागून तो उलट्या बाजूचा ट्रेलर आला. मी त्याच्या मागे. मामी, मी रस्त्यावर आडवा पडलो होतो, अंगाखाली पाणी होतं, हाताला ओला बोंबील लागला. मान उचलली तर समोर टेम्पो चाललेला. मागे लिहिलेलं वाचलं मी.

केसर : काय लिवला व्हता?

अल्पेश : आईचा आशीर्वाद.

(बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करतं, तिघेही तिकडे बघतात.)

केसर : तो डबा धनेशनं त्याच्या दोस्ताच्या हलदीला नेला. बर्फात बाटल्या ठेवाला. परत आयलाच न्हाय. मी दोनदा इचारला. तिसऱ्यांदा इचारला न्हाय.

सुजित : मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं ना...

केसर : गप ऱ्हा. माहीत न्हाय कसा? पुढं बसली तरी आरशात दिसतो पानी. रोज बघते. मना वाटला, रस्ताच तं हाय, सुकेल. आन् मी आता कोनाला शिव्या दिल्या? माझ्या पोराच्या टेम्पोला आग लागो बोलली. त्याला आय हाय का इचारला.

अल्पेश : म्हणून तर थांबवत होतो.

केसर : तुला बोलाला काय झालता रं? चार दिवस मी तुझे पाय चेपते, पेज भरवते, आन् तू कुत्रा कुत्रा करतोस? मी काय तुला खाल्ला असता?

अल्पेश : सांगितलं असतं तर टेम्पो उचलून नेला असता. प्राप्तीला काय तोंड दाखवणार होतो? आईचा टेम्पो नवऱ्याने जप्त करवला? आणि खरं सांगू, मामी, मला तुमची भीती वाटते. ट्रेलरच्या समोर मी बिनधास्त उभा राहतो. तुमच्या समोर नाही.

केसर : भीती वाटत व्हती आन् मेला असता मंग? माझ्या पोरीनं कोनाच्या पाया पडाचा व्हता?

अल्पेश : चुकलं, मामी.

केसर : तुझा एकट्याचा न्हाय चुकला. तो फोन दे... हालो, धनेश. कुठं हायस? जिथं हायस तिथं टेम्पो उभा कर. न्हाय, मासली ऱ्हाऊ दे. आवाज नको करू. तुझ्या त्या दोस्ताला सांग, डबा आजच्या आज पायजेल. तो नसला तं दुसरा आन, नलीखाली पक्का बांध. आन् धुवाचा सोडा घे, दोन खराटे घे, चिंचंच्या वलनावर ये. कला म्हंजे? रस्ता धुवाचा हाय. मी येते. सगल्या गावानं बघितला तरी चालंल. डबा लागला न्हाय तं उद्या टेम्पो निघनार न्हाय. परवा पन न्हाय.

सुजित : मावशी, बाजार बुडेल उद्याचा.

केसर : बुडू दे. तुझ्या हेल्मेटला फुलपाखरू हाय ना?

सुजित : हो.

केसर : मंग झाला तं. आन् ऐक, परवापासून माझा टेम्पो अडवाचा. डबा बघाचा. नसला तं पावती फाड. मी उतरनार न्हाय. तुझ्या पाया तं अजिबात पडनार न्हाय, तू माझा जावय न्हायस.

सुजित : देवाची कृपा. पण दादा, साहेबांना मी काय सांगू आता? कुत्रा की सासू?

केसर : सासू सांग. कुत्र्याचा काय गुन्हा हाय? आन् काल्याला सोडव, जाताना. त्याला सांग, केसर येते मुंडी घेऊन.

सुजित : सांगतो. जामीन कोणाचा लावू?

अल्पेश : माझा लाव. निघ आता. आणि सुजित...

सुजित : काय?

अल्पेश : ते फुलपाखरू मागेच राहू दे.

सुजित : राहू देतो. येतो, मावशी.

केसर : सांभालून जा, बाबा.

अल्पेश : गेला. मामी, तुम्हीपण निघा, धनेश थांबला असेल. अहो, हे काय करताय? पायाला हात नका लावू. आता परत नको, मामी, खरंच नको.

केसर : पाया न्हाय पडत. डॉक्टर बोलला व्हता ना, बोटं थंड पडलीत का बघते.