बाहेरची डिस्क

बिघडलेला कीबोर्ड घेऊन ती कॉम्प्युटरच्या दुकानात थांबली होती. पुढे एक म्हातारे फोटो स्टुडिओवाले दुकानदाराशी बोलत होते.

"चाळीस वर्षांचे फोटो एकाच सर्व्हरवर? उगाच विषाची परीक्षा कशाला, काका? दोन डिस्कवर बॅकअप घ्या. एक स्टुडिओत, दुसरी बाहेर, कुणाच्या तरी घरी."

"कुणाच्या?"

"मुलाच्या?"

"तो फोन उचलत नाही, डिस्क काय सांभाळणार!"

"मित्र?"

"दोघं होते. आता फक्त त्या जुन्या फोटोंमध्येच आहेत."

"मग माझ्याकडे ठेवा. महिन्यातून एकदा येत जा, नवे फोटो भरून देईन."

"नवे कुठले? हल्ली कुणी फिरकतच नाही."

"मग वर्षातून एकदा तपासली तरी पुरे."

"वर्ष फार होतं हो. दर सोमवारी आलो तर?"