दरांचा भाग

(वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीची कॉम्प्युटरची खोली, १९८८. सकाळची वेळ. प्रेमिला मशीनपुढे बसली आहे. तिच्याआधी हेच काम करणाऱ्या सिंधूताई चहाचा कप घेऊन दारात उभ्या.)

सिंधूताई : पोळ्याच्या आधीच सांगितलं होतं मी तुले. डिस्कवरचा तो दरांचा भाग रोज हातानं काढून काही होत नाही वं. मशीन बंद होऊन चालू झाली का डिस्कचे सारे भाग आपोआप जोडल्या जातात. पाहिजे तेही, नाही पाहिजे तेही.

प्रेमिला : आणि मी म्हटलं, ताई, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात.

सिंधूताई : हासलीही होती. आता तुह्या मानलेल्या भावानं, चंद्रभाननं, मोठी मोठी गिऱ्हाइकं उचलली, कळमन्यात सोताची एजन्सी टाकली, तवा डोळे उघडले तुह्ये.

प्रेमिला : मालकांनी बजावलं होतं, कोणत्या गिऱ्हाइकाला काय दर लावतो तो भाग ते स्वतः समोर बसले तरच जोडायचा. रोज सकाळी आल्याबरोबर काढत होते मी तो भाग. एकदाही विसरले नाही.

सिंधूताई : अन् दुपारी?

प्रेमिला : दुपारी पोरीला पाजायला घरी जायचे. चंद्रभान बुकिंगच्या टेबलावरून उठून यायचा. म्हणायचा, ताई, तू बिनघोर जा. विजेची लाईन गेली अन् मशीन पुन्हा चालू झाली, तर मी सायकल काढून तुला सांगायला येतो.

सिंधूताई : आला कधी?

प्रेमिला : नाही. मला वाटायचं, गेलीच नसेल लाईन.

सिंधूताई : आपल्याच खोलीची जाये. बाजूच्या गोदामातला पंखा फिरूनच राहायचा. कवडू हमालानं पाह्यलं सारं, त्यानंच मले सांगतलं. चंद्रभान मेन स्विच खाली करे, मंग वर करे. सारं जोडल्या गेलं का बुकिंगवरच्या आपल्या टर्मिनलवर बसून दर उतरवून घ्ये.

प्रेमिला : कवडू मला का नाही बोलला?

सिंधूताई : काहून बोलन? तुह्या पोरीचा मामा ना तो चंद्रभान. जावळ काढलं तवा पोर कोणाच्या मांडीवर बसवली होती तू?

प्रेमिला : माझा सख्खा भाऊ आला होता अकोल्याहून. त्याला म्हटलं, तू जरा बाजूला बस.

सिंधूताई : जाऊ दे. काय करून राहिली आता?

प्रेमिला : तुम्ही सांगितलं होतं तेच. सुरू होताना मशीन जी यादी वाचते ना, तिच्यातल्या दरांच्या भागाच्या ओळीपुढे हॅशची खूण टाकली. आता ती ओळ वाचायची नाही.

सिंधूताई : खूण टाकून मोकळी नको होऊ. चालू करून पाह्य.

प्रेमिला : केली. बुकिंगचा भाग जोडला. हिशेबाचा जोडला. थांबा... नाही. दरांचा नाही जोडला.

सिंधूताई : झालं मंग.

प्रेमिला : एवढंच होतं, ताई. तुमचा चहासुद्धा निवला नाही.

सिंधूताई : मालक येतीन आता. खोलीची चाबी तुह्याजवळ, बोट तुह्यावरच येईन. लेकराची माय आहेस, नोकरी घालवू नको. लाईन जात होती, मले काही माहीत नाही, एवढंच म्हण.

प्रेमिला : नाही. तुम्ही बजावलं होतं तेही सांगते, मी ऐकलं नाही तेही, आणि त्यानं काय केलं तेही. मग ठेवायचं तर ठेवू देत.

सिंधूताई : अन् त्याले? त्याले सोडतीन?

प्रेमिला : सोडूच नये. मला तोंड पाहायचं नाही त्याचं. पण मालक माणसं पाठवतील ती महाल वस्तीतल्या त्याच्या घरी, आणि तो तर कळमन्यातच झोपतो म्हणे. घरी कांता आहे, ओली बाळंतीण. तिला यातलं काही ठाऊक नसेल.

सिंधूताई : त्याच्या बायकोशी तुले काय करायचं?

प्रेमिला : काही नाही. माझे पाय वळणार नाहीत तिकडे. तुमचा रस्ताच आहे तो. ती माणसं पोचायच्या आधी एकदा डोकावून या, ताई. तिच्याजवळ कोणी आहे का, तेवढं पाहून या.