आजारी जिवाला ऊन पाणी

पोरीनं पुण्याला जाताना तिचं अॅक्सोलोटल माझ्या गळ्यात घातलं, तवापासून मला चैन नाही. पाण्यातला पांढरा सरडाच म्हणा. चार दिवस त्यानं गांडुळाला तोंड लावलं नाही. पोरगी फोनवर रडायची. शेवटी टाकीतल्या पाण्यासकट बादलीत घालून उंब्रजला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं पाण्यात बोट बुडवलं.

"मावशी, कोमट पाण्यात मरंल हे. याला गार लागतं."

"आवं, मी गारच घालते."

घरी पाळत ठेवली, तर सासूबाई बंबातलं ऊन पाणी टाकीत ओतत होत्या.

"आत्याबाई, काय करताय?"

"आजारी जीव हाय. गार पाण्यात ठेवत्यात व्हय?"

मी बंबच विझवला. दोन दिवसांनी त्यानं गांडूळ गिळलं.

सासूबाई आता गल्लीभर सांगत हिंडतात, "माझ्या ऊन पाण्याचा गुण आला."