निंबळगावच्या पाटीवरची मधली ओळ

—नाही गुरुजी, खरवडणार नाही. ते ब्लेड खिशात ठेवा तुमचं. एवढीशी ओळ म्हणता—व्हय, एवढीशीच आहे, गव्हाच्या दाण्याएवढी अक्षरं—पण ती काढायची नाही. बसा ना. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकून बसा. दुकान म्हणजे हे असंच, स्टोव्ह, कंदील आणि रॉकेलचा वास. तुम्ही वाशीच्या शाळेचे मुख्याध्यापक होऊन चार वर्षं झाली, या दुकानाची पायरी आज पहिल्यांदा चढलात. आणि चढलात ते ब्लेड घेऊन.

तुमचं म्हणणं कळलं मला, पुन्हा सांगू नका. उद्या सतरा सप्टेंबर, शाळेत प्रदर्शन, तहसीलदार साहेब फीत कापणार, आणि निजामाच्या राज्यातून सुटलो त्याच दिवशी राघूनं केलेल्या या चिमुकल्या स्टेशनावर उर्दू पाटी—कसं दिसंल ते. ओळ काढली तर मधल्या टेबलावर जागा, नाही काढली तर जागा नाही. बरोबर? आता मला जागा नको आहे असं समजू नका हां. लई पाहिजे. एका माणसाला कबूल करून बसलोय मी, की उद्या शाळेत मांडलेलं दाखवीन म्हणून. माणूस म्हातारा आहे, डोळे चाललेत त्याचे, पुढच्या वर्षी दाखवू असं म्हणायची सोय नाही. पण ओळ खरवडून दाखवायचं तर मग त्याला कशाला दाखवायचं?

खऱ्या पाटीवर ती आता नाही, म्हणता. नाहीच! लाईन सरकारनं घेतली तेव्हा पाटी नवी झाली. पण माझं स्टेशन आजचं नाही, गुरुजी. माझं स्टेशन अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यातलं आहे. ही टाकी बघा, चार पायांची, गंजलेली—आज आहे का तिथं? चोपन्न साली काढली. तिला तुम्ही आत येता-येता काय म्हणालात? ‘वा राघू, टाकी काय हुबेहूब साधलीय!’ म्हणजे टाकी चालते. ओळ चालत नाही.

आणि खेळणं म्हणू नका. सगळी वाशी खेळणं म्हणते, तुम्ही तरी म्हणू नका. दोन वर्षं लागली याला. दर मंगळवारी दुकान बंद ठेवून सायकलवर निंबळगाव गाठायचं, बावीस मैल जायचं, बावीस यायचं. एका फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच धरलं मी. आपली छोटी लाईन अडीच फुटी, तेव्हा रूळ आले पाच सुतांवर—ठेवा पट्टी, मोजा. छपराचा पत्रा डालड्याच्या डब्याचा आहे, सायकलच्या आऱ्यांवर दाबून-दाबून नळ्या पाडल्या त्याला. मोजून अठ्ठावीस नळ्या, कारण तिथं अठ्ठावीस आहेत. इंजिनात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग आहे, एका चावीत दीड फेरी मारतं, मग माळावरच उभं राहतं—ते काय, खरी गाडीही कधी-कधी राहतेच.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चार माणसांत जीभ उचलत नाही माझी. पहिल्या दिवशी टेप काढली आणि तिथले कानडी स्टेशन मास्तर शरणबसप्पा बाहेर आले, हातात चहाची बशी. ‘काय रे तम्मा, कुणाच्या हुकमानं माप घेतोस?’ म्हटलं, ‘माझ्याच.’ त्यांनी बशी खिडकीत ठेवली आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. ‘कंपनी गेली, सरकार आलं, साहेब येतो तो तिकिटं मोजतो आणि जातो. माझं स्टेशन केवढं आहे ते कुणी विचारलं नाही आजवर. ओढ, ओढ, ढिली सोडू नको!’ पुढं मी गेलो नाही एखाद्या मंगळवारी, तर तेच विचारायचे, मुतारी मोजायची राहिली की रे.

सगळं जमलं. पाटी जमंना. वरची इंग्रजी, खालची मराठी—त्या जुन्या पाटीवरच्या दोन्ही ओळी लोकांना आठवत होत्या. मधली? शरणबसप्पा बावन्न साली आलेले, त्यांनी तिथं डांबरच बघितलेलं. गावात विचारलं, तर म्हणे होतं काहीतरी उर्दूत. काहीतरी! रोज त्या पाटीखाली बसून बिड्या ओढल्या लोकांनी. आणि दुसऱ्यांना काय बोलायचं—मी स्वतः रोज वाचायचो ती, मोठ्यांदा वाचायचो, पण आठवायला गेलं की डोळ्यांपुढं काळा पट्टाच यायचा. मग राहिला एकच माणूस. मी ईट गावाला गेलो, खाजामियाँकडं. सांधेवाले खाजामियाँ, एकोणीस वर्षं त्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलले त्यांनी—उठू नका, गुरुजी. नाव ऐकून उठू नका. व्हय, तेच. उद्या येणार आहेत ते तेच.

लेकीकडं असतात, सरदारबीकडं. ती दारात आली, मी नाव सांगितलं, तर आतून आवाज आला, ‘कौन राघू? वोच क्या, जिसका हाथ नै हिल्या?’ मला वाटलं, सायकल वळवावी आणि जावं. पण मग पाटीचं काय? आत गेलो. कोपभर चहा दिला त्यांनी. मी मुद्द्याचं बोललो, तर डोळ्यांजवळ नेऊन टेपच बघत बसले. मग एका पत्र्याच्या झाकणावर कोळशानं ओळ काढून दिली. अशीच, ही इथं आहे तशीच. मी वाचली आणि म्हटलं, मियाँ, चुकलं तुमचं, हे तर बिंबलगाँव झालं—नुक्ता वर पाहिजे, तुम्ही खाली दिलाय. तर हसायलाच लागले. म्हणाले, असाच होता! पाटी रंगवायला आलेल्या पेंटरला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, कागदावर बघून काढत होता, कागदावर माशी बसलेली की शाई सांडलेली कुणास ठाऊक, त्यानं वरचा ठिपका खाली दिला. निंबळगावचं बिंबलगाँव झालं आणि कुणाला पत्ता नाही. ‘पाँच बरस मैं हर साहब कू बोल्या, नुक्ता ऊपर करो, नुक्ता ऊपर करो. कोई सुन्याच नै. फिर तुम लोगाँ आके डांबर मार दिये. मैं बोल्या, चलो, गलती तो ढक गई.’ आणि पुन्हा हसले, पार खोकला लागेस्तोवर. सरदारबी हसली. मला नाही हसता आलं.

म्हणून नुक्ता खालीच आहे. बघितलात ना तुम्ही? आल्या-आल्या बघितलात, मला दिसलं—तुमचं बोट गेलं तिथं आणि थांबलं. तहसीलदाराला दिसायचा नाही तो, त्याला नुसती उर्दू दिसंल. तुम्हाला चूक दिसली, कारण तुम्हाला वाचता येतं. येणारच की, मला अलिफ-बे कुणी शिकवलं? निंबळगावच्या शाळेत हातावर छडी मारून बोरूचा कोन कुणी बसवला? ‘राघ्या, नुक्ता म्हणजे डास नाही, बसंल तिथं बसू द्यायला’—कोण म्हणायचं?

शाळा का सोडली विचारता. विचारलं नाहीत? मला वाटलं विचारलंत. लोकांना मी सांगतो, उर्दू जाऊन मराठी आली, पुस्तकं बदलली, सातवीत मन लागंना. खोटं आहे ते. मराठी काय अवघड होती मला? घरात मराठीच बोलत होतो—नाही, हे मी सांगायला बसलो नव्हतो. ओळीचं बोलू. ओळ...

ओळीचंच आहे म्हणा हेही. पोलीस ॲक्शन होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्या दिवसांत आपल्या भागात काय-काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही आहे, त्यात मी जात नाही. तुम्ही आम्हा सातवीच्या पोरांना ओळीनं स्टेशनावर नेलं. चौदा वर्षांचा होतो मी. शिडीवर मलाच का चढवलं? माझा हात साफ म्हणून. डांबर मधल्या ओळीवर लागलं पाहिजे, खालच्या मराठीवर थेंब पडता कामा नये—हे तुमचे शब्द. डबा तुम्ही धरला होता. मी एक थेंब पडू दिला नाही, हात हलला नाही माझा, गुरुजी. अक्षर न् अक्षर बुजवलं, कडा सरळ, जशी पट्टी ठेवून रेघ मारावी. आणि तुम्ही खालून म्हणालात, ‘शाबास राघू.’ सात वर्षं शाळेत काढली, तेवढ्या मोठ्यांदा तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नव्हता.

तुम्हाला भीती होती, ते आता कळतं मला. उर्दूचे मास्तर तुम्ही, राज्य गेलेलं, उद्या कोण काय म्हणंल, नोकरी राहील का जाईल—घरी पाच माणसं खाणारी. मी दोष देत नाही. पण एक विचारतो. ती शिडी हलत होती, आठवतं? फरशीवर पाय सरकत होता तिचा. मग मधेच हलायची थांबली. मला वाटलं, तुम्ही धरली. खाली बघितलं तर तुमच्या दोन्ही हातांत डबा. शिडी खाजामियाँनी धरली होती. स्टेशनच्या आवारात कुणाचं पोर पडलं तर जबाबदारी सांधेवाल्याची, म्हणून आले आणि धरून उभे राहिले, मान वर करून, मी त्यांचीच ओळ बुजवतोय ते बघत. तुम्ही बघितलं होतं का? एवढंच सांगा. त्यांना शिडी धरताना बघितलं होतं, आणि तरी शाबास म्हणालात?

...

राहू द्या. टोपी चुरगाळू नका. त्या दिवसानंतर मी वर्गात बसलो चार दिवस, तुम्ही फळ्याकडं तोंड करून लिहायला लागलात की मला पाठ दिसायची, आणि मी उठून आलो. बस, एवढंच झालं.

आता जागेचं ठरवून टाकू. ती टेबलावर लावायची चिठ्ठी आणलीत ना, माझ्या नावाची? ठेवा तुमच्याकडं, दुसऱ्या कुणाचं भरतकाम मांडा तिथं. मी हे उद्या दुकानापुढच्या बाकावर मांडणार, भर रस्त्यावर. दहाच्या मोटारीनं सरदारबी त्यांना घेऊन उतरणार आहे. आधी त्यांना दाखवीन, हाताला धरून एकेक वस्तू दाखवीन. मग तहसीलदार येवो नाही तर आणखी कोण येवो. विचारलं कुणी, हे काय लिहिलंय म्हणून, तर मी वाचून दाखवीन. चार माणसांत. चाळीस असली तरी.

काय म्हणालात? पुन्हा विचार कर? दोन वर्षं विचारच केलाय, गुरुजी. तुम्ही मोठे, तुम्ही मला लिहायला शिकवलं, दारातून निघालेल्या मोठ्या माणसाला ‘या’ म्हणायचं, हेही तुम्हीच शिकवलं.

जा तुम्ही.