निळं लेबल

तीन वाजून चाळीस मिनिटांनी, ताई, दुपारच्या — तिथून सुरू झालं हे सगळं, पण ते सांगते मागाहून, आधी ती बाटली खाली ठेवा. ठेवा हो. रडू दे बाळाला दोन मिनिटं. पावडर नळाच्या पाण्यातच कालवलीत ना? उकळून घेतलंय — माहीत आहे, मीही उकळूनच द्यायचे. आणि नाही, मी काही विकायला आलेले नाही. सासूबाईंना सांगा तसं, केव्हाच्या आतून विचारतायत, कोण आलंय, कोण आलंय. म्हणावं पंपाच्या कारखान्यातली बाई आहे, तुमचा पंप बघायचाय म्हणते.

त्याचं असं आहे — आमच्याकडे दोन तऱ्हेचे पंप होतात, आणि बाहेरून बघाल तर जुळ्या बहिणी. एक पिण्याच्या पाण्याचे. त्यांचं पितळ वेगळं, आतलं रबर वेगळं, आणि त्यातले काही पंप पाण्याने भरून दिवसच्या दिवस तसेच ठेवतात, मग ते पाणी तपासायला पाठवतात — पंपातून पाण्यात काय काय उतरलं ते बघायला. पास झाले की प्रमाणपत्र येतं, त्याचा नंबर निळ्या लेबलावर छापतात. दुसरे बागेचे, बांधकामाचे. त्यांच्या पितळेत शिसं असतं, कापायला मऊ जातं म्हणून. त्यांना पिवळं लेबल. आणि लेबलं लावायला एक बाई असते — चिकटवायचं, नखाने कड दाबायची, पुढचा पंप. सातवी शिकलेलीला झेपेल असंच काम. पण तिला त्याचा तोरा केवढा! शेजारणींना सांगायची, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाला घोटभर पाणी मिळत नाही.

तर त्या दिवशी तीन चाळीसला तिचा पिवळा रोल संपला. अकरा पंप राहिलेले, बागेचे. ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर हॉर्नवर बसल्यासारखा, गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला — तीन चाळीसला जेवण, सांगा! आणि चारला तिच्या मुलीची शाळा सुटते. पोरगी रोज सगळ्यात शेवटी फाटकाशी उभी राहायची, बाई ओरडायच्या, तुझ्या आईला घड्याळ नाही का गं. निळा रोल तर हाताशीच होता. खोक्यावर 'बागेसाठी' म्हणून ठळक छापलेलं आहेच, मग लेबलाकडे कोण बघतंय, असा मी विचार केला आणि —

हो. मीच. आठ दारांत नाही बोलले, 'एक बाई' म्हणूनच सांगितलं सगळीकडे. आज कसं तोंडून गेलं कोण जाणे. ते बाळ असं बघतंय ना माझ्याकडे.

दुकानदार पंप खोक्यातून काढून मांडतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खोकी बघत आले आयुष्यभर, दुकान कुठे बघितलंय! त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर पोचले शाळेत. पोरगी पळत आली, मला मिठी मारून बाईंकडे वळून म्हणाली, बघा, आहे घड्याळ. इतकी बोलायची हो. ताटातल्या भाताला प्रश्न विचारायची, चपलांची भांडणं सोडवायची. मी म्हणायचे, मेले, जरा गप्प बस ना गं. म्हणायचे मी असं.

मग आमच्या चाळीतला पंप जळला. सगळे म्हणाले, तूच आण, तू जाणकार. अकरातले दहा ट्रकने गेले होते, एक मागे राहिला होता फळीवर, खोक्याविनाच, आणि मी ते विसरलेही होते — निळं लेबल बघितलं, कड कशी छान बसलीय, म्हटलं हाच. स्वतः निवडून घरी नेला. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दोष देऊ?

आधी तिचं पोट दुखायला लागलं. मग जेवेना. मग चिडचिड, मग बोलणं कमी, मला वाटलं शाळेत कुणी रागावलं असेल. एक दिवस चमचा हवा होता तिला. हात पुढे करून उभी, शब्द आठवेना — आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे. शरीरातलं हळूहळू उतरेल. बोलणं? त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाले, पाणी उकळून शिसं जात नसतं, बाई.

तेव्हा ते अकरा आठवले, कारखान्यात साहेबांकडे गेले. म्हणाले, कुणाची तक्रार आलीय का? मग तू कशाला आणतेस? म्हणून मालाच्या वहीतून दुकानांचे पत्ते उतरवून घेतले, दुकानांतून गिऱ्हाइकांची नावं काढली, आणि काम सोडलं. दारोदार फिरते. पोरगी माझ्या आईकडे असते दिवसभर.

लेबल नका बघू, लेबल माझं आहे. खाली नंबराची पत्र्याची पट्टी आहे ती पुसा. चव्वेचाळीस सतरापासून चव्वेचाळीस सत्तावीसपर्यंत, तेवढेच अकरा. वाचा मोठ्याने.

चव्वेचाळीस तेवीस.

कधी बसवलात? नको, नका सांगू, दिवस मोजू नका आता, मी मोजलेत, काही हाती लागत नाही. बाटली ओतून टाका. बाहेरून पाणी आणा, आजच. बाळाला दवाखान्यात न्या आणि 'रक्तातलं शिसं' असं स्पष्ट सांगा, नुसतं पोट दुखतंय म्हणालात तर गोळ्या देऊन घरी पाठवतील. लवकर कळलंय तुम्हाला. मला नाही कळलं.

शिव्या द्या. सासूबाई, तुम्ही तरी द्या.

बरं. लावून घ्या दार, मी जाते. फक्त एवढं करा — चव्वेचाळीस सव्वीस अजून सापडलेला नाही, दुकानदाराला नाव आठवत नाही, रोख घेऊन कुणीतरी गेलं म्हणतो. शेजारी सांगा, दवाखान्याच्या रांगेत सांगा, कुणाकडे नवा पंप दिसला की पट्टी पुसून बघायला सांगा. माझं नाव काय सांगायचं ते सांगा. पण सांगा.