माह्या आल्बमवर मामाजीचं पद

हसा लेकहो, हसा, पण माहा जीव अजून जळून राह्यला! मी अन् माह्या तीन दोस्तांनी जॅझचा आल्बम केला. ड्रम, पियानो, बास अन् माहा टेनर सॅक्सोफोन. त्यात गाणारा कोणीच नाई, सॅक्सोफोनच गाते. चामोर्शीले साळ्याच्या हळदीत मी मोठ्या हौसेनं तो स्पीकरवर लावला. माहे सासरे झाडीपट्टीच्या नाटकातले जुने गाणारे. माहा सोलो रंगात आला, अन् ह्या माणसानं माईक घेऊन त्याच्यावर नाटकातलं पद सुरू केलं!

मी धावत गेलो. "मामाजी, हे काय करून राह्यले?"

"गाऊन राह्यलो. संगीत कवाचं वाजून राह्यलं, गाणाऱ्याचा पत्ताच नाई!"

"अहो, तो सॅक्सोफोन वाजून राह्यला न, तेच गाणं होय!"

तेवढ्यात मांडवातून ओरडा सुरू झाला, "वन्स मोर!" कोणाले? मामाजीले!

मामाजीनं मायेनं माह्या खांद्यावर हात ठेवला. "जवाईबापू, संगीत लय मस्त बनवलं तुम्ही. फक्त तो भोंगा मधामधात येते न, तेवढा काढून टाका."