लाल निशाणाचा गहू

आमचे घराणे मूळचे साताऱ्याकडचे, मराठा सरदारांच्या घोड्यांमागोमाग माळव्यात उतरले आणि धारला राहिले, एवढे खरे. बाकी आमचे पुतणे सांगत फिरतात की खापरपणजोबा किल्लेदार होते, ते साफ खोटे. ते पागेतल्या घोड्यांच्या दाणावैरणीवर देखरेख करीत, आणि त्यात कमीपणा कसला? मीही जन्मभर पिकांच्या दाणापाण्यावरच देखरेख केली. धारबाहेरच्या संशोधन शेतावर क्षेत्र-सहायक होतो, पस्तीस उन्हाळे त्या काळ्या मातीत उभा राहिलो, तेव्हा तिथे काय घडले आणि काय नाही, हे मला कोणी पुस्तिका छापून शिकवू नये.

आमच्या शेताने काढलेल्या पुस्तिकेत छापले आहे की खाऱ्या पाण्यावरच्या गव्हाचा प्रयोग पूर्वनियोजित होता. पुतण्या चहाच्या ठेल्यावर सांगतो, काका की चोरी पकड़ी गई थी भिया. दोन्ही खोटे. नियोजन नव्हते, चूक होती. आणि मला कोणी पकडले नाही, मी स्वतः जाऊन सांगितले. तुम्ही लिहून घेता आहात तर हे आधी लिहा.

काय सांगू तुम्हांला, ही गोष्ट माझ्या निवृत्तीच्या आधल्या वर्षाची. बदनावरकडे भेरूलाल नावाचा एक शेतकरी, त्याच्या ट्यूबवेलला पाणी भरपूर, पण इतके खारट की गहू उगवायचाच नाही. आमच्या मॅडम, नव्याच आलेल्या शास्त्रज्ञ, हुशार, हिंदी मुलखातल्या, त्यांनी ठरवले की त्याच पाण्यावर तग धरील असे वाण शोधायचे. भेरूलालचे पाणी टँकरने आणून एका टाकीत भरले, दुसऱ्या टाकीत आमच्या विहिरीचे गोडे पाणी. लाल निशाणाच्या वाफ्यांस खारे, पांढऱ्या निशाणाच्या वाफ्यांस गोडे, असा हुकूम. टाक्यांवर नावे मी लिहिली, सुवाच्य अक्षरांत, खाऱ्या टाकीवर मीठ आणि गोड्या टाकीवर गोड. आता सांगा, यात काय अशुद्ध आहे?

पेरणीपूर्वीचे पाणी, ज्याला इकडे पलेवा म्हणतात, ते द्यायच्या दिवशी मी देवासला, धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न होते. पाणी दिले धापूबाईने. धापूबाई आमची जुनी मजूर, माळवी बाई, कामाला वाघीण, प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकलेली. तिने मीठ वाचले आणि समजली मीठा, म्हणजे गोडे पाणी, आणि ते पांढऱ्या निशाणांस दिले, दुसऱ्या टाकीचे लालला. मागाहून मी तिच्यावर तडकलो, अगं, दुसऱ्या टाकीवर गोड लिहिले होते ना? तर म्हणते, कक्का, म्हाके याँ तो गोडा घुटना ने के, म्हने सोची घुटना तक पाणी भर्यो वेगा. माळवीत गोडा म्हणजे गुडघा, म्हणून गुडघ्यापर्यंत भरलेली टाकी! हसावे की रडावे? लोक म्हणतात तिची चूक. मी म्हणतो, सरकारी शेतावर घरची मराठी लिहिणाऱ्याची चूक. पण मराठी अशुद्ध नव्हती, हेही लिहा.

हे मला लगेच कळले नाही. मी परतलो, पेरणी झाली, अंकुर आल्यावर पुढचे पाणी माझ्या हाताने दिले, लालला खारे, पांढऱ्याला गोडे, अगदी हुकमाप्रमाणे. बघता बघता लाल निशाणाचे वाफे असे दाट की जणू हिरवे घोंगडे अंथरले, आणि पांढऱ्यांत केस गळालेल्या डोक्यासारखे विरळ. मॅडम बांधावर नाचायच्याच बाकी होत्या. काका, मिल गया, खारे पानी का गेहूँ मिल गया. अहवाल लिहायला बसल्या. मला मात्र चैन पडेना, इतक्या वर्षांत मीठ बियाण्याशी असे प्रेमाने वागलेले मी पाहिले नव्हते. मी पांढऱ्या वाफ्यातली माती खरवडून जिभेवर ठेवली. खारट. धापूबाईस विचारले, तेव्हा सारे उलगडले.

आता खरे सांगतो, दोन दिवस मी गप्प राहिलो. निवृत्ती तोंडावर, नाव स्वच्छ, धापूबाई काही बोलणार नव्हती. तिसऱ्या दिवशी भेरूलाल रिकामे पोते घेऊन आला. मॅडम म्हणाल्या, काका, इन्हें लाल वाला बचा हुआ बीज दिलवा दीजिए, सीधे ट्यूबवेल पे बो देंगे. पोत्याचे तोंड धरून तो माझ्यासमोर उभा, आणि मला दिसले की हे बियाणे त्याच्या पाण्यात कुजणार आणि त्याचा सारा रब्बी जाणार, तोही आमच्या शब्दावर. मी तिथेच, त्याच्यादेखत सांगितले.

पुतण्या म्हणतो मॅडमनी रजिस्टर फेकून मारले. खोटे. त्या नुसत्या बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, काका, आपने मेरा पूरा साल डुबो दिया. डोळ्यांत पाणी होते. मग मान वर करून विचारले, और उसके बाद कौन सा पानी दिया? मी म्हटले, नंतर लालला खारेच. मरा नहीं? मी म्हटले, चला, बघा. नव्हता मेला. उगवताना गोडे मिळाले होते, पुढचे खारे तो सोसत होता.

वाफे मोडले नाहीत, कापणीपर्यंत ठेवले, आणि रजिस्टरात माझ्या अक्षरांत, या खेपेस हिंदीत, चूक नोंदवून मी सही केली. लाल निशाणाचा गहू शेवटपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या वर्षी मॅडमनी तो प्रयोग पुन्हा केला, जाणूनबुजून, आणि तो साधला. पुस्तिकेत आहे ते हे दुसरे वर्ष, पहिले गाळले. तेही छापा म्हणून शेताच्या नव्या साहेबांकडे गेलो तर म्हणाले, काकाजी, क्या फ़र्क़ पड़ता है? फरक पडतो! झाकलेल्या चुकीचे बियाणे कोणाच्या तरी शेतात पडते.

भेरूलालकडे पावसाच्या पाण्याची एक तळी आहे, एका पाण्यापुरती. पलेवा तळीचा, पुढे ट्यूबवेल, आणि पावसाळ्यात शेताला उतार देऊन साचलेले मीठ धुऊन काढायचे, नाहीतर जमीन बिघडते. जादू नाही ही, कष्ट आहेत.

यंदा गेलो होतो. त्याची सून शेजारणींस गहू दाखवीत होती आणि सांगत होती की ही युक्ती आमच्या सासऱ्यांनीच काढली. मी तिला तिथल्या तिथे दुरुस्त केले, चुकीपासून सारे ऐकवले. तिने पदर सावरला आणि म्हणाली, तो कक्का, गलती थाकी, ने गऊँ म्हाका. चूक तुमची आणि गहू आमचा.

जन्मात प्रथमच मला खोडून काढायला काही सापडले नाही. म्हटले, सूनबाई, तसेच असो, आणि दर साली असो.